पिशवीच्या पोटात काय घालायचं?

गणपतीच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर आपल्या मंडळांच्या सभागृहात प्रदर्शन-विक्री भरते, तेव्हा एक टेबल हमखास हाताने शिवलेल्या पिशव्यांचं असतं. खणाच्या पर्स, इरकलीच्या झोळ्या, पैठणीच्या काठांचे बटवे. लांबून सगळ्या सारख्याच देखण्या दिसतात. हातात घेतल्या की फरक कळतो. एक पिशवी टेबलावर ठेवली की नीट बसते, दुसरी लगेच मान टाकते. एकीच्या कापडावर बारीक फुगे आलेले असतात. एकीचा बंद जरा ओढला की शिलाईशेजारी कापडाचे धागे सरकून फट दिसू लागते. वरचं कापड तितकंच सुंदर, शिलाईही सरळ. फरक असतो तो न दिसणाऱ्या मधल्या थरात.

या मधल्या थराबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. कापड निवडताना आपण दोन दिवस घालवतो, अस्तराचा रंग जुळवायला तीन दुकानं फिरतो आणि मध्ये काय घालायचं हे विचारलं की "घरात पडलेलं बक्रम होतं, ते लावलं" असं उत्तर येतं. व्हिडिओ पाहून शिवायला लागलेल्या मुलामुलींची अडचण वेगळीच. व्हिडिओत अमेरिकन किंवा जर्मन मालाची नावं आणि नंबर सांगतात आणि आपल्या गावातला दुकानदार ते ऐकून नुसता बघत राहतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. नव्या कापडाची पिशवी बिघडली तर दुसरं कापड आणता येतं. पण आपल्यापैकी अनेकांनी कपाटातून काढलेली असते ती आजीची साडी. ती एकदा कापली आणि तिच्यावर चुकीचा थर चिकटवला की मागे फिरता येत नाही. म्हणून सगळ्या लेखाचं सार आधीच सांगते: वजन मधल्या थराने आणि अस्तराने पेलायचं, जुन्या कापडाने फक्त दिसायचं. पुढचं सगळं या एका वाक्याचा हिशेब आहे.

मधला थर नेमकं काय करतो?

मधल्या थराकडून आपण चार वेगवेगळी कामं मागतो. पहिलं ताठपणा, म्हणजे पिशवी उभी राहावी. दुसरं भरीवपणा, म्हणजे हाताला मऊ, जाडसर लागावी. तिसरं बळ, म्हणजे वजनाने कापड ताणू नये, फाटू नये. चौथं रक्षण, म्हणजे आतल्या वस्तूला धक्का लागू नये किंवा डबा गरम राहावा.

एकच माल ही चारही कामं करत नाही, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. गादीसारखं मऊ वाडिंग भरीवपणा देतं, पण पिशवी उभी करत नाही. पातळ चिकट अस्तर कापडाला बळ देतं, पण जाडी देत नाही. जाड बोर्डासारखा थर ताठपणा देतो, पण पिशवी उलटवताना त्यावर घड्या पडतात आणि त्या जात नाहीत. म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून ठेवा: या पिशवीत काय ठेवणार, ती किती वजन उचलणार, ती धुवायची आहे की नाही आणि वरचं कापड कसं आहे. या चार उत्तरांवरून निम्मी निवड होऊन जाते.

बाजारात काय मिळतं

इंदूरच्या सीतलामाता बाजारापासून बेळगावच्या खडेबाजारापर्यंत कुठल्याही कापडबाजाराच्या आसपास शिंप्यांना लागणाऱ्या साहित्याचं एखादं दुकान असतंच. तिथे गेल्यावर नावापेक्षा काम सांगा. एकाच मालाला एका गावात एक नाव असतं आणि दुसऱ्या गावात दुसरं.

चिकट अस्तर, म्हणजे फ्यूजिंग. याच्या एका बाजूला बारीक ठिपक्यांसारखा डिंक असतो, तो इस्त्रीच्या उष्णतेने वितळून कापडाला धरतो. यात दोन जाती. एक विणलेली, म्हणजे खरं सुती कापडच, मागे डिंक लावलेलं. दुसरी न विणलेली, कागदासारखी दिसणारी. ती स्वस्त असते, पण सतत घडी पडणाऱ्या जागी तिच्यावर कायमच्या सुरकुत्या येतात. पिशवीसाठी शक्यतो विणलेलीच घ्या. ती कापडाबरोबर वळते.

बक्रम. शिंप्याकडे कॉलरला आणि कमरपट्ट्याला वापरतात ते. खळ देऊन ताठ केलेलं बक्रम दुकानात कडक दिसतं, पण पाण्यात गेलं की मऊ पडतं. पिशवी धुवायची असेल तर असं बक्रम नको. घेण्याआधी एक तुकडा पाण्यात बुडवून वाळवून पाहा, लगेच उत्तर मिळेल.

वाडिंग. यालाच इंग्रजी व्हिडिओत बॅटिंग म्हणतात. पॉलिएस्टरचं वाडिंग हलकं, फुगीर आणि लवकर वाळणारं असतं, पण गरम इस्त्रीखाली चपटं होतं, जास्त तापलं तर वितळतं. सुती वाडिंग चपटं, जड आणि उष्णता सोसणारं असतं, मात्र पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ४० सेंमी लांबीच्या पिशवीत हे आटणं १.२ ते २ सेंमी भरतं. म्हणजे वरचं कापड चुण्या पडून गोळा होणार.

फोम. साधारण ५ मिमी जाडीचा स्पंज, काही वेळा दोन्ही बाजूंनी पातळ जाळीदार कापड लावलेला. पिशवीला आकार देण्यात याला तोड नाही. दाबला तरी परत वर येतो आणि उलटवताना त्यावर घडी राहत नाही. वस्तूंच्या पॅकिंगमध्ये येणारा पांढरा चुरचुरणारा फोम मात्र वापरू नका. तो शिलाईच्या रेषेवर चिरतो.

साधं जाड सुती कापड. मांजरपाट, डक, जाडी खादी. यांना कोणी मधला थर म्हणत नाही, पण बळ देण्यासाठी यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. मांजरपाट मात्र रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरायचं. ते आटतं.

तळासाठी कडक पत्रा. यासाठी साधारण १ मिमी जाडीची प्लास्टिक शीट चांगली. पुठ्ठा नको. एका पावसात तो लगदा होतो.

माल किती जाड आहे हे सांगायला जीएसएम हा आकडा वापरतात. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, इतकाच त्याचा अर्थ. दुकानदाराला तो माहीत नसेल तर घरी काढता येतो. ५० सेंमी बाय ५० सेंमीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजनाला ४ ने गुणा. तुकडा २५ ग्रॅम भरला तर तो माल १०० जीएसएमचा. एकदा एखादा माल पसंत पडला की हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच माल मागता येतो.

व्हिडिओतली नावं

पेलॉन एसएफ १०१ असं ऐकू आलं तर समजा की ते विणलेलं सुती चिकट अस्तर आहे. आपल्या दुकानात "विणीचं सुती फ्यूजिंग" मागा. पेलटेक्स म्हणजे बोर्डासारखा जाड ताठ थर. त्यात ७० नंबर शिवायचा, ७१ एका बाजूने चिकटणारा आणि ७२ दोन्ही बाजूंनी चिकटणारा. फ्लिझेलाइन किंवा व्हिलीन एच ६३० म्हणजे इस्त्रीने चिकटणारं मऊ वाडिंग. आपल्याकडे साधं पातळ वाडिंग घेऊन ते शिवून टाकलं तरी तेच काम होतं. सॉफ्ट अँड स्टेबल आणि स्टाइल-व्हिल हे दोन्ही कापड लावलेल्या फोमचे प्रकार. परदेशातून काही मागवायची गरज नाही. तो माल कोणतं काम करतो हे कळलं की त्याची जागा घेणारा इथला माल सापडतो.

कापडाची नाडी आधी बघा

आपली घरं जिथे वसली तिथलं कापड आपल्या कपाटात आलं. त्यामुळे बेळगावच्या घरात इरकल आणि गुळेदगुडचा खण, इंदूरकडे महेश्वरी, ग्वाल्हेरकडे चंदेरी, हैदराबादकडे नारायणपेठी, गोव्यात कुणबी साडी आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे एखादी पैठणी. या सगळ्यांना एकच मधला थर चालत नाही.

कुणबी साडीचं आणि सुती नारायणपेठीचं कापड अंगाने भक्कम असतं. त्यांना विणलेलं चिकट अस्तर लावायला हरकत नाही. उष्णताही ती सोसतात.

सुती इरकलही तशीच, पण तिचा लाल पदर ओला झाला की रंग सोडू शकतो. चिकट अस्तर लावताना आपण ओला रुमाल मध्ये ठेवतो. तेवढ्या ओलाव्यानेही रंग शेजारच्या काठावर उतरू शकतो. आधी पांढरा ओला रुमाल पदरावर दाबून पाहा. रुमाल रंगला तर कोरडीच इस्त्री करा.

खण अजूनही वारावर नवा मिळतो, म्हणून शिकण्यासाठी तो सगळ्यात चांगला. फ्यूजिंग, वाडिंग, फोम या सगळ्याची उजळणी आधी खणावर करा. बिघडला तर अर्धा मीटर परत आणता येतो.

महेश्वरी हलकी असते. तिच्या मागे जाड थर लावला तर तिचा झुळझुळीतपणा जातो आणि पिशवी पुठ्ठ्यावर गुंडाळल्यासारखी दिसते. तिला पातळ केंब्रिकचा आधार पुरतो. चंदेरी तर आरपार दिसते. तिच्याखाली पांढरं फ्यूजिंग लावलं की डिंकाचे ठिपके वरून दिसतात आणि रंग फिका पडल्यासारखा वाटतो. तिच्याखाली तिच्याच रंगाचं सुती कापड घ्या, चिकटवू नका.

आता जुनी रेशमी साडी. पैठणी घडीवर चिरते हे घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, म्हणून तर त्या वर्षातून एकदोनदा घडी मोडून नवी घालतात. जुनं रेशीम वरून चकचकीत दिसलं तरी धागा आतून ठिसूळ झालेला असू शकतो. कापण्याआधी तीन गोष्टी पाहा. साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासा. तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर त्या रेषा टाळूनच कापायचं. मग आत खोचल्या जाणाऱ्या टोकाकडचा, सहसा न दिसणारा भाग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आडवा ओढा. धागे सरकले किंवा बारीक तुटण्याचा आवाज आला तर या कापडाला स्वतःचं बळ उरलेलं नाही. शेवटी त्याच टोकाचा एक लहान तुकडा मुठीत चुरगाळून सोडा. पांढऱ्या रेघा राहिल्या तर समजून चाला की पिशवीत ते फार दिवस टिकणार नाही. अशा साडीचे फक्त काठ वापरा, बाकीची जपून ठेवा. कधी कधी पिशवी न शिवणं हाच योग्य निर्णय असतो.

आणि हो, साडी कोणाची आहे त्यांना किंवा त्यांच्या मुलींना विचारल्याशिवाय कात्री लावू नका. आपल्याला जुनं कापड दिसतं, त्यांना त्यात एखादं लग्न, एखादं बारसं दिसत असतं.

चिकटवायचं की शिवायचं?

जुन्या रेशमाच्या बाबतीत हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चिकट अस्तराचा डिंक नीट वितळायला उष्णता आणि दाब दोन्ही लागतात. रेशमाला आणि जरीला ती उष्णता सोसत नाही. जर प्लास्टिकच्या जातीची असेल तर काठ गरम इस्त्रीखाली आकसून लाटांसारखा होतो. उष्णता कमी ठेवली तर डिंक अर्धवट धरतो आणि काही दिवसांनी फुगे येतात. शिवाय एकदा चिकटवलेला थर काढायला गेलं तर ठिसूळ रेशीम त्याच्यासकट निघतं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. गोधडी. गोधडीत कुठे डिंक असतो? जुन्या सुती साड्या, धोतरं एकावर एक पसरायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकमेकांत बांधून टाकायचे. ताण एका कापडावर न येता सगळ्यांवर वाटला जातो. जुन्या साडीच्या पिशवीला नेमकं हेच हवं.

पद्धत सोपी आहे. भिजवून आटवलेलं मांजरपाट पिशवीच्या आकाराचं कापा. त्यावर रेशमी कापड सुलट बाजू वर करून, न ओढता पसरा. बारीक टाचण्या फक्त मायेत लावा, म्हणजे भोकं दिसणार नाहीत. मग कडेने ५-६ मिमी आत हाताने कच्चे टाके घाला. काठ असेल तर काठाच्या दोन्ही बाजूंनी एकेक उभी टीप मारा. आता ही दोन कापडं म्हणजे एकच कापड. पुढचं सगळं शिवण यावर करायचं. मऊपणा हवा असेल तर दोन्हींच्या मध्ये वापरून मऊ झालेल्या सुती साडीचा एक थर घाला आणि दर ३-४ सेंमीवर धावदोरा घाला. मात्र लक्षात घ्या, वापरून झिजलेली सुती साडी मऊपणा देते, बळ नाही. बळ मांजरपाटाचंच.

नव्या, भक्कम कापडाला चिकट अस्तर लावताना मात्र घाई करू नका. आधी कापडावर वाफेची इस्त्री करून ते आटवून घ्या. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, १०-१५ सेकंद दाबायची, उचलायची आणि शेजारी, आधीच्या जागेवर थोडी चढवून पुन्हा ठेवायची. झालं की कापड तसंच सपाट ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. डिंक थंड होतानाच पक्का धरतो. गरम असताना उचललं तर फुगे ठरलेले.

कोणत्या पिशवीला काय

भाजीची पिशवी: हिला फुगीरपणा नको, बळ हवं. जाड कापड असेल तर मधला थर लागतच नाही. पातळ असेल तर मांजरपाट. बंद पिशवीच्या तोंडाशी नुसते जोडू नका. पट्टा एका बाजूने खाली उतरवून बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणा. मग ४-५ किलो बटाटे-कांदे भरले तरी वजन पट्ट्यावर येतं, कापडावर नाही. धुवायची असल्यामुळे बक्रम, फोम दोन्ही टाळा.

रोज कॉलेजला नेण्याची खांद्यावरची पिशवी: बाहेरच्या कापडाला विणलेलं चिकट अस्तर, त्याच्या आत पातळ वाडिंग किंवा फोम. नुसतं वाडिंग घालून पिशवी उभी राहण्याची वाट बघू नका. ती उभी करायची असेल तर फोमच लागतो. तळाला प्लास्टिक शीट घालायची, पण शिवून टाकायची नाही. अस्तराच्याच कापडाची खोळ करून त्यात सरकवायची, म्हणजे धुताना काढता येते.

लॅपटॉपची पिशवी: इथे धक्क्यापासून रक्षण महत्त्वाचं. ५ मिमी फोम सगळीकडून हवा, तळाला दोन थर. लॅपटॉप कोपऱ्यावर आपटतो, म्हणून तळाचा थर ३-४ सेंमी बाजूंवर चढवा.

डब्याची पिशवी: वाडिंग हवा धरून ठेवतं, म्हणून डबा उबदार राहतो. त्याच्या आतल्या बाजूला चंदेरी थर असलेलं कापड लावलं तर आणखी चांगलं. गाडीच्या काचेवर लावायच्या चंदेरी पडद्याचा न वापरलेला तुकडाही त्याला चालतो. आमटी सांडणार हे गृहीत धरून अस्तर पुसता येईल असं घ्या.

बटवा: हळदीकुंकवाला किंवा मुंजीत द्यायचा बटवा चुण्यांनी बंद होतो. त्यात जाड काही घातलं तर चुण्याच पडत नाहीत. केंब्रिकचा एक थर पुरे. जुन्या पैठणीसाठी सगळ्यात सुरक्षित जागा हीच, कारण बटव्यावर वजन येत नाही.

पर्स आणि क्लच: झाकणाला ताठ थर, अंगाला पातळ वाडिंग. चुंबकाचं बटण लावाल तिथे मागे ताठ थराचा ४ सेंमीचा चौकोन आधी लावून घ्या. नाहीतर उघडझाप करता करता बटण कापडासकट हातात येतं.

मशीनवर बसल्यावर

थर वाढले की घरगुती मशीन कुरकुरायला लागतं. चौदा नंबरची सुई काढून १६ नंबरची लावा, फोम आणि जाड बंद असतील तर १८. टाका ३ ते ३.५ मिमी लांब ठेवा. बारीक टाक्यांची टीप जाड थरांत कापडाला कापत जाते. धागा पॉलिएस्टरचा घ्या. घरात आजीचं जुनं काळं पायाचं मशीन असेल तर ते अडगळीतून बाहेर काढा. ते फक्त सरळ टीप मारतं, पण जाड थरांतून ज्या सहजतेने जातं ते पाहून थक्क व्हाल.

जाड थर मायेत येऊ देऊ नका. १ सेंमी माया असेल तर फोम किंवा वाडिंग सगळ्या बाजूंनी १ सेंमी लहान कापा आणि कडेने टीप मारून जागेवर बसवा. पातळ चिकट अस्तर मात्र मायेपर्यंत जाऊ द्या, कारण शिलाईला त्याचं बळ हवं असतं. बंद जोडताना चौकोनी टीप मारून त्यात फुली मारा आणि ही टीप मांजरपाटातून गेलीच पाहिजे. फोमची पिशवी उलटवण्यासाठी अस्तरात ठेवलेली फट १५ ते १८ सेंमी तरी हवी. आठ-दहा सेंमीच्या फटीतून ओढली तर कोपऱ्यांची शिलाई उसवते.

पॉलिएस्टर वाडिंगची एक खोड आहे. त्याचे पांढरे तंतू सैल विणीतून हळूहळू बाहेर येतात. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर ते लव आल्यासारखे दिसतात. वाडिंग आणि वरचं कापड यांच्यामध्ये पातळ सुती थर घातला की हा त्रास होत नाही.

पाऊस, दमट हवा आणि वर्षं

गोव्यात आणि बेळगावात जून ते सप्टेंबर भिजलेली पिशवी वाळणं कठीण. सुती वाडिंग पाणी धरून ठेवतं आणि आत बुरशीचा वास येऊ लागतो. पावसाळ्यात वापरायच्या पिशवीला पॉलिएस्टर वाडिंग बरं. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत सुती वाडिंग छान चालतं.

फोमचंही आयुष्य असतं. काही वर्षांनी तो पिवळा पडतो, मग भुगा होऊ लागतो, आणि दमट हवेत हे लवकर होतं. रोजच्या पिशवीत याने काही बिघडत नाही, ती तोवर झिजलेलीच असते. पण आठवण म्हणून पंचवीस वर्षं ठेवायच्या पिशवीत फोम नको. तिथे सुती कापडाचे थरच टिकतात.

आधी नमुना, मग कात्री

महत्त्वाच्या पिशवीआधी १५ सेंमी बाय १५ सेंमीचा एक नमुना करा: वरचं कापड, मधला थर, अस्तर, सगळं जसं असणार तसंच. पिशवी धुवायची असेल तर नमुना धुवा. मुठीत चुरगाळा, एक रात्र वजनाखाली ठेवा आणि सकाळी बघा. कडेला कागद टाचून त्यावर कोणता थर, किती जीएसएम, कोणत्या दुकानातला हे लिहा. असे आठ-दहा नमुने झाले की कुठल्याही पुस्तकापेक्षा ते उपयोगी पडतात. मंडळाच्या प्रदर्शनात पिशव्या विकायच्या असतील तर हे नमुने टेबलावर ठेवा. आत काय आहे हे गिऱ्हाइकाच्या हाताला कळलं की किंमत का जास्त आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि घरच्या साडीची पिशवी असेल तर अस्तर बंद करण्याआधी आतल्या खिशात एक छोटी सुती पट्टी शिवा. न पुसल्या जाणाऱ्या शाईने तिच्यावर लिहा: साडी कोणाची, साधारण कोणत्या वर्षाची, आत कोणते थर आहेत आणि ही पिशवी धुवायची की नुसती वाऱ्यावर ठेवायची. तीस वर्षांनी तुमच्या घरातलं कोणीतरी ती पिशवी उसवून तिचे काठ पुन्हा वापरायला घेईल. डिंक नसेल आणि टाके सरळ असतील तर काठ सुखरूप सुटेल.